विहिरीच्या अंगाचं वावर

ताई,

परवा तुझ्या कॉलेजात तुझी शोकसभा झाली आणि सगळ्यांनी मिळून आपल्या मायला माफ केलं.

आताच्या प्राचार्याबाई बोलल्या, गावातले दोन वकील बोलले, तुझ्या जुन्या विद्यार्थिनी बोलल्या. दिग्रसच्या मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण, मग यवतमाळला या कॉलेजची पहिली प्राचार्या, मग विद्यापीठाची कुलगुरू, सगळं सांगून झालं. आणि जो तो फिरून त्याच एका गोष्टीवर येत होता. बाईंच्या सख्ख्या आईनंच त्यांना वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोडायला लावला, तरी बाईंनी आईवर राग धरला नाही, उलट गावोगाव फिरून सांगितलं की आपल्या आयांना समजून घ्या. बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. मी पहिल्या रांगेत, भाऊ म्हणून. मला म्हणाले, दोन शब्द बोला. मी उभा राहिलो, हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, भाऊ गहिवरले.

मी गहिवरलो नव्हतो, घाबरलो होतो.

माय तसं कधी म्हणालीच नव्हती, ताई. ते मी म्हणालो होतो, तिचं नाव घेऊन.

तुझ्या कॉलेजच्या मुलींनी तुझ्यावरच्या अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला. तुझं बालपण लिहा म्हणाल्या. मी कधी चार ओळींच्या वर लिहिलं नाही. माझी पत्रं वाचून तू म्हणायचीस, 'वामन्या, तू पत्र लिहितो का तार करतो?' आज लांबलचक लिहितोय, आणि बालपण नाही लिहीत.

छप्पन साली कायदा झाला, बापाच्या मिळकतीत मुलीचाही मुलाइतकाच वाटा. तू सुटीत घरी आलीस तेव्हा चुलीपुढं बसून तो मायला समजावून सांगितलास. माय भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, 'असं हाय का?' मला वाटलं तिच्या डोक्यावरून गेलं. त्याच साली, कापूस वेचणीला आला असताना, बाबा गेले. जमीन त्यांनी स्वतः घेतलेली, मृत्युपत्र केलेलं नाही. तेराव्याचं आटोपलं, पाहुणे पांगले, आणि मायनं मला ओसरीत बोलावलं. म्हणाली, दिग्रसले जाय अन् यमीले माझा निरोप सांगजो.

काय सांगजो म्हणाली ते मी शेवटी लिहितो. ते लिहायलाच हा लेख आहे. आत्ता एवढंच सांगतो, की तुझा वाटा तुला द्यायला तिनं मला पाठवलं होतं. तिच्या डोक्यावरून काहीच गेलं नव्हतं.

आपल्या गावाहून दिग्रसला मोटर काही फार वेळ घेत नाही. पण मोटरीत बसल्यावर मला आपल्या पारावरची माणसं दिसायला लागली. बहिणीनं वाटा घेतला, आता हा भाऊ कसला, असं म्हणून पान थुंकणारी. ते एक. दुसरं मी आजवर स्वतःशीही नीट बोललो नाही. तुझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत तू कपाळ पुसून परत आलीस, तेव्हा बाबांनी सगळ्या भावकीचा विरोध सोसून तुला अमरावतीला शिकायला धाडलं. त्याच साली मला शाळेतून काढलं, कारण मोट हाकायला माणूस नव्हता. तू बी.ए. झालीस तेव्हा पेढे वाटायला मीच फिरलो. मनात होतं, हिला पुस्तकं दिली, मला वावर दिलं, वाटणी झाली. आता वावरातही हीच? हे बरोबर नव्हतं. बाबांनी कुणालाच काही वाटून दिलं नव्हतं. पण मोटरीत बसून मला ते पक्कं बरोबर वाटलं, आणि दिग्रसच्या कापसाच्या जिनापाशी उतरेपर्यंत मी मायचा निरोप उलटा फिरवला होता.

शाळेची मधली सुट्टी होती. तू व्हरांड्यात एका लहान पोट्टीचं नाक आपल्या पदरानं पुसत होतीस. इतरांशी तू शुद्ध बोलायचीस, मला पाहिलं की घरचं.

'आला काय? माय जेवते का नीट?'

'जेवते. मायनं निरोप धाडला. म्हणे, यमीनं हिस्सा सोडून द्यावा.'

'तू म्हणून राह्यला का माय म्हणून राह्यली? नीट सांग.'

'माय. म्हणे, पोरीनं बापाच्या वावरात वाटा घेतला त मले गावात तोंड दाखवाले जागा नाई. अन् वाटा पाहिजे असन, त माझ्या दारात येऊ नको म्हणा.'

लहानपणी मी गूळ चोरून खाल्ला की तू माझं तोंड हुंगून पकडायचीस. त्या दिवशी तू माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाहीस. खाली फरशीकडे पाहत राहिलीस. मग घंटा झाली, पोरी धावत वर्गात गेल्या, आणि तू म्हणालीस, 'सांगजो मायले, येईन म्हणा चावडीवर.'

मी माझ्या तोंडानं मागितलं असतं तर तू भांडली असतीस. कायदा उघडून दाखवला असतास, मला कानाला धरून गावात आणलं असतंस. वाद घालायला तुला किती आवडायचं! पण मायशी तू वाद घालणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तू विधवा होऊन आलीस तेव्हा तुझे केस काढायला बसलेल्या आत्याच्या हातून वस्तरा हिसकून विहिरीत टाकणारी ती होती. तिच्या शब्दापुढं तू मान खाली घालशील, हे जाणूनच मी तो शब्द वापरला.

चावडीवर पटवाऱ्यानं विचारलं, 'बाई, राजीखुशीनं ना?' तू हो म्हणालीस. आपल्याकडच्या रीतीप्रमाणं बहिणीनं हक्क सोडला की भाऊ तिची साडीचोळी देऊन बोळवण करतो. मी यवतमाळहून करवतकाठी साडी आणली होती, चांगली भारीतली. त्या दिवशी आणखीही दोघी आल्या होत्या आपापल्या भावांसोबत. त्यांचे अंगठे उमटले, तुझी एकटीची सही. तू साडी काखेत धरलीस आणि म्हणालीस, 'रंग चांगला आहे.' माझ्याशी शुद्ध बोललीस, त्यावरून मला समजायला हवं होतं.

ती साडी तुझ्या अंगावर मी कधी पाहिली नाही. पुढं दर भाऊबीजेला एकेक देत गेलो, त्याही नाही. नंतर कॉलेजच्या बक्षीस समारंभात एका पोरीच्या अंगावर तीच करवतकाठी दिसली. लोहाऱ्याच्या गिट्टी फोडणाऱ्याची मुलगी, इंग्रजीत पहिली आलेली. तू माझ्या शेजारी बसली होतीस. हळूच म्हणालीस, 'पाय, कशी शोभून राह्यली.' मी म्हटलं, हो.

आणि मायला काय सांगितलं? दिग्रसहून परत आलो आणि सांगितलं, ताईले नको म्हणे. मी नोकरीवाली, मले वावर कायले, असं म्हणे. माय तुरी पाखडत होती. सूप थांबलं.

'असं म्हणे?'

'हो.'

'येऊन मले नाई सांगता आलं तिले?'

मी बैलांना पाणी दाखवायला निघून गेलो. इकडे तू समजलीस मायनं तुला परकं केलं. तिकडे माय समजली लेकीनं तिचा शब्द झिडकारला, शिकून मोठी झाली, आता आपल्या वावराची माती तिला चालत नाही. दोघीही मानी. कुणी विषय काढला नाही. तू येत राहिलीस, ती तुझ्या आवडीची अंबाडीची भाजी करत राहिली.

एकदाच विषय निघाला होता. एका भाऊबीजेला, तू परत निघायच्या आधी. तुम्ही दोघी अंगणात बसला होता. माय तुझ्या डोक्याला तेल लावत होती, इतक्या मोठ्या हेडमास्तरणीच्या. मी दाराआड उभा होतो. माय म्हणाली, 'यमे, त्या वावराचं मले एक सांग वं...' आणि तू मान वळवून तिच्याकडे पाहिलंस. मी तिथूनच ओरडलो, 'ताई, ऊठ, मोटर चुकन!' तू उठलीस. तेलकट केसांचा अंबाडा बांधत बांधत पिशवी घेतलीस. फाट्यावर आपण उभे राहिलो, खूप वेळ उभे राहिलो. मोटर यायला अजून बराच अवकाश होता. तू म्हणालीस, 'वामन्या, कायले एवढी घाई केली रे?' मी म्हटलं, घड्याळ पुढं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माय गेली.

तू मग दौरे सुरू केलेस. शाळा सुटली की नेर, दारव्हा, तांडे, कोलामांच्या वस्त्या. बायांना जमवून एकच सांगायचीस, चावडीवर जाऊ नका, सही करू नका, अंगठा देऊ नका. नेरच्या बाजारात तुझी सभा झाली तेव्हा मी कापूस घेऊन गेलतो. गाडी सोडून मागं लिंबाखाली उभा राहिलो. तुझ्यासोबत दिग्रसची खातूनबी होती, मोटर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकची बायको. तिची पोर तू घरी जाऊन जाऊन शाळेत आणली होतीस, आणि तेव्हापासून ती तुझ्या सावलीसारखी. तू बोलत असताना तीच मधून उठली.

'बाई, आमच्यात त हिस्सा पहिलेपासूनच हाय. कागदावर हाय, किताबात हाय. भेटला कोनाले? मले भेटला? तुमचा नवा कायदा आला, तुमाले भेटला का?'

बाया हसल्या. बाजारातली माणसंही वळून पाहायला लागली. कुणी तरी पुरुष म्हणाला, 'सांगा सांगा बाई, तुमचं वावर कोन वायते?' मी लिंबाच्या खोडाआड सरकलो.

तू म्हणालीस, 'मला नाही भेटला. मी सोडला. माझ्या आईनं सोड म्हटलं म्हणून सोडला. मी तुमच्यापुढं खोटं उभं राहणार नाही. पण तुम्ही सोडू नका. आणि ऐका, तुमच्याही आया तुम्हाला सोड म्हणतील. त्यांच्यावर रागावू नका. त्यांना जन्मभर कुणी काही दिलंच नाही, तर द्यायचं कसं हे त्यांना कुठून ठाऊक असणार?'

म्हातारी एक रडायला लागली. त्या दिवसापासून तू प्रत्येक सभेत हेच सांगायला लागलीस, कारण ते लोकांच्या काळजाला भिडायचं. माझी थाप तुझ्या तोंडून एवढी सुंदर झाली की ती परत घ्यायची कशी हेच मला कळेना. सभेनंतर तुला मी दिसलो. 'कायले आलता? कापूस विकाले का भाषण ऐकाले?' 'कापूस,' मी म्हटलं. 'भाव भेटला?' 'भेटला.' तू चहा पाजलास. खातूनबीला सांगितलंस, हा माझा लहान भाऊ, बोलत नाही, पण मनानं चांगला आहे.

माझ्यावर तुझे उपकारही किती आहेत, ते मोजायला बसलो तर लाजच वाटते. यवतमाळला कॉलेज काढलंस तेव्हा इमारत नव्हती. एका व्यापाऱ्याचं सरकीचं गोदाम घेतलंस. पोरींच्या केसांत कापूस, फळ्यावर कापूस, तुझ्या खादीच्या साडीवर कापूस. म्हणायचीस, आमचं कॉलेज जन्मतःच म्हातारं, केस पांढरे. माझ्या मंदाला त्या गोदामात पहिल्या तुकडीत तूच नेलंस. मी म्हणत होतो, पोरीनं पुढं शिकून काय करायचं. तू म्हणालीस, 'तुले मोट हाकाले लावली, ते चुकलंच वामन्या. बाबाचं चुकलं. मी तवा बोलाले पाहिजे होतं, नाई बोलली. आता तुह्या पोरीचं तरी होऊ दे.' म्हणजे जी सल घेऊन मी तुझं वावर गिळलं, ती तुला आधीपासून माहीत होती. नुसतं विचारलं असतं मी. त्या एका वाक्यानंतर सांगून टाकायला हवं होतं. मी मंदाची ट्रंक उचलली आणि आत ठेवली.

कुलगुरू झालीस तेव्हा पारावरचे म्हातारे मला विचारायचे, 'कुलगुरू म्हंजे साऱ्या हेडमास्तरणींची सासू काय रे?' तुला लिहिलं तर तू पोट धरून हसल्याचं कळवलंस. तिथं गेल्यावर तुझा पहिला मोठा निर्णय कोणता, हे परवा सभेत सगळ्यांनी सांगितलं. प्रवेशासाठी पालक म्हणून बापाचीच सही लागायची. तू ठरवलंस की आईची सही चालेल, अंगठाही चालेल. मोठे मोठे प्राध्यापक विरोधात होते. तू त्यांना म्हणाली होतीस, आईला एकदा तरी कुणी तरी विचारायला हवं. आणि हेही म्हणालीस, माझ्या आईला कुणी विचारलं असतं तर ती वेगळं बोलली असती.

तिला विचारलं नव्हतं, तिनं आपणहून सांगितलं होतं, आणि ते ऐकणारा मी एकटा होतो.

तू आजारी पडल्यावर मी तिकडे आलो तो दिवस. दवाखान्यात दुपारी ऊन तुझ्या पायांवर पडलं होतं. मी घरून अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर आणली होती. तू दोन घास खाल्लेस आणि म्हणालीस, 'मायच्या हातासारखी नाई.' मग खिडकीकडे पाहत विचारलंस, 'वामन्या, मायनं काहून म्हटलं असन रे तसं? तिनंच त वस्तरा विहिरीत टाकला होता. मले आजवर समजलं नाई.'

किती साधं विचारलंस. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, 'जुन्या वळणाची होती, ताई.' आणि तुला तिसरा घास दिला. तू तो घेतलास.

मला वाटलं, आता शेवटी हिला त्रास कशाला द्यायचा. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि तुला अग्नी देतानाही सांगितलं. खरं ते नव्हतं. तू माझ्याकडे वळून पाहशील, त्याचं मला भ्या होतं.

परवा सभा सुटली तशी खातूनबी फाटकापाशी उभी होती. म्हातारी झाली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. माझा हात धरला. म्हणाली, 'भाऊसाब, बुरा मत मानो. तुमची माय एवढी कडक होती काय हो? बाई इतकी नरम, अन् तिची माय अशी. मले नेहमी वाटे.'

आणि का कोण जाणे, तिच्यापुढं माझं तोंड उघडलं. 'नाई,' मी म्हटलं, 'माय देत होती. मी फिरवलं.'

तिनं हात सोडला. मग म्हणाली, 'मंग इतके वर्स बाईनं आमाले तुमच्या मायले माफ कराले लावलं, अन् तुमी समोर बसून आयकत होते?'

'हो.'

'अन् आता मले कायले सांगून राह्यले? मी काय तुमची बहीण हाय? त्या लाउडस्पीकरवर सांगाचं होतं.' एवढं बोलून ती पाठ फिरवून निघून गेली. बरोबर केलं तिनं.

घरी येऊन मंदाला सांगितलं. ती आता तुझ्याच कॉलेजात शिकवते, तुझ्यासारखीच उभी राहून बोलते. ती ताट वाढत होती. ऐकलं आणि वाढणं थांबवलं. मला वाटलं, वावराबद्दल बोलेल, तुझ्याबद्दल बोलेल. ती म्हणाली, 'बाबा, शेवटच्या वर्षी आजी मला हाक मारायची आणि मी तिच्याजवळ बसत नव्हते. आत्याला तिनं तसं केलं, हे मला आत्याकडून कळलं होतं म्हणून. ती पदरात शेंगा घेऊन दारात उभी राहायची. तुम्ही पाहत होता.'

हो, ताई, तेही मी पाहत होतो.

मी म्हटलं, ते वावर तुझ्या कॉलेजातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या नावानं करून देतो, उद्याच पटवाऱ्याकडे जातो. मंदा म्हणाली, 'देऊन मोकळे होऊ नका. आधी सांगा. जिथं जिथं आत्या आजीबद्दल बोलली, तिथं तिथं सांगा. वावराचं मग पाहू.' म्हणून हा अंक, आणि येत्या बाजाराच्या दिवशी नेर. खातूनबी येईल की नाही, माहीत नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. त्या लिंबाखाली उभं राहून काय म्हणायचं ते मी आत्तापासून घोकतोय. फार नाही, मायचे शब्द तेवढे म्हणायचे आहेत.

ते तुला आधी सांगतो. तुझेच आहेत ते. माय ओसरीत बसली होती, कपाळ नुकतंच मोकळं झालेलं, आणि मला म्हणाली:

'वामन्या, दिग्रसले जाय. यमीले सांगजो, बापाच्या वावरात तुहा वाटा हाय, तो घ्याले ये म्हणा. अन् तू तिले कोरडवाहू देऊ नको, पोरींले सारे कोरडच देतात. विहिरीच्या अंगाचं दे. म्हणा, मायनं सांगितलं.'

ताई, मायनं सांगितलं.